चंडोल उडतो, पाणभुंगा पोहतो

ट्रेनिंग कॉलेजातल्या माझ्या शेवटच्या, परीक्षेच्या पाठाची ती सकाळ अजूनही स्वप्नात पाहिल्यासारखी आठवते. सोलापूरचा उन्हाळा, आठाचा सुमार, मुलींच्या पाट्यांवर कोवळं ऊन डुलत होतं. पाठ बिघडला तर मला मंद्रूपला भावाकडे परतावं लागणार होतं. विधवा बहिणीला जन्मभर दोन घास घालायला तो तयारच होता. तो भला होता, म्हणून तर मला जास्त धास्ती.

विषय मीच निवडलेला: पाणभुंगा आणि चंडोल, साम्य आणि भेद. भुंगा विहिरीतून काढून काचेच्या वाडग्यात ठेवला होता. चंडोल शेजारच्या विणकर आजोबांचा. लेक सासरी धाडावी तसा, चार सूचना देऊन त्यांनी तो पिंजऱ्यासकट दिला होता.

फळ्यावर दोन रकाने पाडले. सहा पाय, दोन पाय. कणा नाही, कणा आहे. पोहतो, उडतो. शेवटी बोध: चंडोल माळावर जमिनीलगत घरटं करतो, ते मोडू नये, गाणारा जीव राखावा. भुंग्यापुढे जागा कोरीच. विहिरीत औषध टाकलं की तो मरतो हे ठाऊक होतं, पण किड्याचं सुतक कोण पाळतं?

चंडोल गाऊ लागला आणि वर्ग गुंगला. मीही. त्या तंद्रीत भुंगा काठावर कधी चढला, कळलंच नाही. पाठीवरची टणक झाकणं उघडली, आतून झिरझिरीत पंख निघाले आणि तो गुणगुणत खिडकीबाहेर गेला.

पुढे बसलेली एक मुलगी उभी राहिली. "बाई, पुसा की त्ये. उडतो त्यो. चंडोलच न्हाय उडत."

मागे परीक्षक बाई टाक थांबवून बसल्या होत्या. मी 'पोहतो, उडतो' पुसलं, आणि भुंग्यापुढच्या कोऱ्या जागेत 'राखावा' लिहिलं.

"राखायचं म्हंजी कोंडायचं का, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "त्याची जागा राखायची. याचा माळ, त्याची विहीर."

हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बोलून गेल्यावर मीच घाबरले.

पास झाले. नातेपुत्याच्या शाळेत जागा मिळाली, तसं भावाला कळवलं. त्यानं उलट टपाली विचारलं, तिथं तुला राखायला कोण आहे?

मी लिहिलं, खोलीला कडी आतून आहे.