जागतिक सिनेमातलं चुडत

आमच्या घराण्यात जागतिक सिनेमाचा अभ्यासक एकच आहे, आणि तो मी असल्यामुळे बाकी कुणाला सिनेमा आवडत नाही.

मी कणकवलीच्या एका कॉलेजात ऑफिसात काम करतो. दिवसभर मुलांना दाखले देतो आणि उरलेल्या वेळात जगाला सिनेमा समजावतो. फोनवर आमचा सिनेमावेड्यांचा ग्रुप आहे. त्यात पुण्याचे आहेत, मुंबईचे आहेत, एक बर्लिनचासुद्धा आहे (मूळचा दोडामार्गचा, बर्लिन हा नंतरचा प्रकार). 'मरण्याआधी पाहायलाच हवेत' अशा सिनेमांवर तिथं रोज हाणामारी होते. फक्त एका सिनेमावर सगळ्यांचं एकमत आहे, आणि तो आमच्या गावात, कुणकेश्वराच्या अलीकडच्या किनाऱ्यावर शूट झालेला! मी तेव्हा पाळण्यात होतो. सिनेमाचं नाव सांगत नाही. तुम्ही तो पाहिलेला नाही, आणि पाहिलात तर मला शिव्या द्याल.

त्या सिनेमात शेवटपर्यंत एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. सगळी माणसं पाठमोरी! दिग्दर्शकाची ती दृष्टीच होती म्हणे. त्यावर मी ग्रुपवर इतकं लिहिलंय की बर्लिनवाल्यानंही एकदा हात जोडलेली चित्रं पाठवली. त्यातलं एक दृश्य तर आमचं दैवतच. गावातल्या बायका एका रांगेत किनाऱ्यानं चालल्या आहेत आणि त्यातली एक मधेच वाकून माडाची वाळलेली झावळ उचलते. आमच्याकडे तिला चुडत म्हणतात. ते चुडत म्हणजे मृत्यू, असं माझं मत. ती वासना, असं पुणेकरांचं. वाद मिटेना, तेव्हा ते चित्रच आम्ही ग्रुपचा फोटो म्हणून लावून टाकलं.

आता घरची गोष्ट. गेल्या वर्षी आई गेली.

ती गेली आणि घरात काही राहिलंच नाही. भांड्यांचा आवाज नाही, कुणावर ओरडणं नाही, शेजारणीशी कुंपणावरून भांडण नाही. बाबा बोलायचेच थांबले. अर्धं जेवत, उरलेलं ताटात चिवडत आणि जाऊन आईच्या फोटोसमोर बसत. आणि तो फोटो तरी कसला! आईला फोटोची भयंकर चीड. त्यामुळे बँकेच्या पासबुकासाठी काढलेला तेवढाच सापडला. तोच मोठा करून हार घातला. त्यात ती अशी बघते आहे की समोरचा माणूस आपोआप चप्पल बाहेर काढून येतो.

"ह्या फोटोत ती माज्यार रागावलीहा," बाबा एकदा म्हणाले. "त्या दिवशी मी बाजारातसून बांगडे आणूक इसारलंय. बँकेत जाईसर शिव्या घालीत होती. आता रोज तशीच बघता."

वर्षभर माणूस त्या नजरेसमोर बसून होता. बांगडे आणायची सोय नाही आणि माफी मागायचीही.

वर्षश्राद्धाला आठवडा राहिला तेव्हा बाबांनी विचारलं, "रे, त्या तुज्या शिनेमात तुझी आवस नाय मगे? एकदा चालता-बोलताना बघूची होती."

उत्तर मला माहीत होतं. आई शूटिंगला गेली होती, पण काहीतरी बिनसलं आणि तिला घरी पाठवलं. "माझो शीन कापल्यानी मेल्यांनी!" हे ती जन्मभर सांगत आली. मी लॅपटॉप घेऊन तिच्यामागं लागायचो, तर म्हणायची, "माका कापल्यानी तो शिनेमा मी कित्या बघू? शिरा पडो तेच्या तोंडार!" गावातही कुणी तो पाहिलेला नव्हता, कारण आपल्याकडच्या थिएटरात तो लागलाच नाही.

"आई नाही त्यात, बाबा," मी म्हटलं. "मी कितीतरी वेळा पाहिलाय."

"तू बघलंस," बाबा म्हणाले. "मी खंय बघलंय?"

मग मी काय करावं? कॉलेजातला प्रोजेक्टर मागून आणला. श्राद्धाला जमलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी घरासमोरच्या अंगणात, म्हणजे आमच्या खळ्यात, सिनेमा दाखवायचं ठरवलं. बायको स्मिता म्हणाली, "अहो, लोक दुःखात आहेत. त्यात आणखी हा सिनेमा?" पण (खरं सांगतो) मला घरचा प्रेक्षक पहिल्यांदाच मिळत होता, आणि तोही वडे-सागोती नसलेल्या जेवणानंतर, म्हणजे जागा!

पहिला घोळ पडद्याचा झाला. घरात एक पांढरी चादर सापडेना. आईनं सगळ्या फुलाफुलांच्या घेऊन ठेवलेल्या. शेवटी माजघरात एक कोरं करकरीत धोतर दिसलं, ते मी दोन माडांच्या मधे ताणून बांधलं. ते भटजींना द्यायचं धोतर होतं! दुपारी दक्षिणा घेताना ते न्यायचं राहून गेलं म्हणून भटजी तिन्हीसांजेला आले, तर त्यावर उजेड पडलेला.

"माझा धोतार?" भटजींनी विचारलं.

"बसा भटजी, सिनेमा संपला की सोडतो."

"कधी संपतलो?"

यावर जगातल्या कुठल्याही समीक्षकाकडे उत्तर नाही. भटजी बसले.

दुसरा घोळ तातूकाकांचा. ते बाबांचे धाकटे भाऊ. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे नांगरसुद्धा हलत नाही, मग सिनेमा कसा सुरू होणार? काका पडद्यासमोर उभे राहिले. "बा देवा कुणकेश्वरा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरान जो काय शिनेमा दाखवूचो घाट घातल्यान हा, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"लायटीत कोणी वाकडा केला असात तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि शिनेमा लवकर संपानदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" यात भटजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

सिनेमा सुरू झाला. सुरुवातीला वाळूतलं खेकड्याचं एक बीळ दिसतं. दिसतं म्हणजे दिसतच राहतं. वाऱ्यानं धोतर फुगलं की बीळ मोठं व्हायचं, ओसरलं की लहान. धोतराला लाल काठ असल्यामुळे आभाळालाही लाल काठ आला होता.

"कुर्ली येतली आता," तातूकाका पुढं सरसावून म्हणाले.

कुर्ली आली नाही.

"येतली, येतली. रवा जरा."

"काका, ती येतच नाही," मी म्हटलं. "हा रिकामेपणाचा सिनेमा आहे."

"मगे ता अगोदर सांगूक नको? ह्या बिळात कुर्ली नाय रे. सोडून गेलीहा. आमका ईचारल्यानी असता तर भरलेला बीळ दाखवलंय असतंय!"

मी बाबांकडे पाहिलं. ते मान पुढं काढून त्या रिकाम्या बिळाकडे बघत होते, जणू तिथूनच आई येणार. या माणसाला मी काय दाखवायला बसलोय? ज्याच्या घरातच रिकामेपण आहे त्याला ते धोतरावर मोठं करून दाखवायचं, याला कला म्हणावं की काय म्हणावं!

मग आली ती बायकांची रांग. आणि खळ्यात एकदम कल्ला झाला, कारण त्यातल्या सगळ्या बायका गावातल्याच! बायोमावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, उठून उभी राहिली. ती स्वतः शूटिंगला होती. "ती बघ मी! फुडसून दुसरी!"

"खयची तू? तू येदी बारीक कधी होतस?" तातूकाका म्हणाले.

"ती माझी आवस," भटजी मधेच म्हणाले.

"भटजी, तुमची आवस कधी ह्या रांगेत चलली?" काकांनी विचारलं.

"पाठ तिचीच आसा!"

"पाठी सगळ्यांच्यो सारख्योच असतत!"

दिग्दर्शकाची दृष्टी अशी आमच्या खळ्यात हातघाईवर आली. माझं पवित्र दृश्य जवळ येत होतं आणि इथं पाठींचे वारस ठरत होते! मी ताडकन उठलो. ती बाई वाकली, चुडताला हात घातला, आणि मी सिनेमा थांबवला.

"शांत बसा! हे जगातलं एक महान दृश्य आहे!"

मी प्रोजेक्टरच्या उजेडात उभा राहिलो आणि ग्रुपवर लिहितो ते सगळं सांगायला लागलो. वाळलेली झावळ म्हणजे मृत्यू. बाकीच्या पुढं जातात, ही एकटीच वाकते. म्हणजे मरण काय आहे ते तिला कळलंय. ती ते टाळत नाही, उचलून काखेत मारते...

"बाजूक हो," बाबा म्हणाले.

"एकच मिनिट, बाबा. इथं प्रतीक असं आहे की..."

"रे, बाजूक हो."

"महत्त्वाचं आहे हे! ती झावळ का उचलते, याचा कुणी विचार केलाय?"

"मेल्या, बाजूक हो!" बाबा असे ओरडले की भटजी जाग्यावरून उडाले. वर्षभरात हा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलला नव्हता. "तुझी आवस ती! तुज्या टकलाच्या मागे आसा! दिसना नाय माका!"

मी बाजूला झालो. माझं टक्कल पडद्यावरून सरकलं आणि त्या जागी ती वाकलेली बाई आली. पाठमोरी. पदर कमरेला खोचलेला, एक हात चुडतावर.

"गे बाय माझे," बायोमावशीनं तोंडावर हात ठेवला. "ताईच ती. चुडत उचलल्यान!"

"तिचं दृश्य कापलं होतं ना?" मी विचारलं.

"अरे, चुडतामुळेच तर भांडाण झाला! आमका सांगल्यानी, सरळ चला, मागे बघू नको. सगळी आमी सरळ. आणि हेका वाटेत चुडत दिसला. वाळलेला चुडत टाकून ती कशी जाईत? उचलल्यान! डायरेक्टर बोंबाललो, 'टाक ता!' ही म्हणता, 'कित्या टाकू? तुज्या बापाशीचा चुडत? घराकडे पाळण्यातल्या झिलाक न्हाणाक पाणी तापवचा आसा माका!' धाडल्यान मगे घराकडे. आमका परत चलवल्यानी, पण शिनेमात ता घातल्यानी नाय बघ, हिचाच घातल्यानी."

स्मिता डोळे पुसत होती आणि हसतही होती, आणि दोन्ही माझ्याकडे बघून.

"चालू कर," बाबा म्हणाले.

मी सिनेमा चालू केला. आईनं चुडत उचललं, काखेत मारलं आणि तरातरा चालत ती धोतराच्या लाल काठाबाहेर गेली. लगेच दृश्य तुटलं. ज्या माणसानं रिकाम्या बिळावरून तेवढा वेळ कॅमेरा हलवला नव्हता, त्यानं नेमकं इथं कापलं! जरा चालू ठेवलं असतं तर ती वळून त्याला शिव्या घालताना दिसली असती. तोंड दिसलं असतं.

"परत लाव."

मी परत लावलं. आई आली, वाकली, गेली. बाबांनी परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. खळ्यात कुणी जांभई दिली नाही, भटजींनी धोतर मागितलं नाही. दर वेळी ती वाकली की बाबांची मान थोडी वर व्हायची, आता वळेल म्हणून. ती वळली नाही.

"मागे बघू नको म्हणान सांगल्यान," बाबा शेवटी म्हणाले. "जन्मात कोणाचा म्हणान ऐकल्यान नाय. एकदा ऐकल्यान, ता ह्या मेल्या डायरेक्टराचा."

आणि बाबा रडले. वर्षभर रडले नव्हते. मीही रडलो, आणि प्रोजेक्टर बंद करायला उजेडात आल्यामुळे माझी हुंदके देणारी सावली धोतरावर सगळ्या पाहुण्यांना मोठी होऊन दिसली.

भटजी धोतर घेऊन निघाले, पण फाटकाशी घुटमळले. "ता फुडला... माझ्या आवशीचा, परत कधी लावशाल तर सांगा." एवढंच म्हणाले.

माझ्या खिशात फोन होता. त्यात ग्रुपचा तो फोटो होता, गेली कित्येक वर्षं. आईकडे मी लॅपटॉप घेऊन जायचो, ती हाकलून द्यायची, मी ओसरीवर बसून तिच्याच पाठीवर पानंच्या पानं लिहायचो, आणि ती आतून ओरडायची, "जेवक ये रे, मृत्यू काय लिवत बसलंहस!"

बाबांनी भिंतीवरचा पासबुकातला फोटो काढला आणि तिथं तो वाकलेला, पाठमोरा फोटो लावला. येणारेजाणारे बिचकतात. "तोंड खंय?" म्हणून विचारतात. बाबा सांगतात, "पाठ फिरवल्यान हा. पण हात बघ, रागावलेली नाय." हल्ली ते पुरं ताट जेवतात, आणि कधी कधी बाजारातून बांगडेसुद्धा आणतात.

ग्रुपवर वाद अजून चालू आहे. बर्लिनवाल्यानं परवा नवीनच मत मांडलं, की ती झावळ म्हणजे संस्कृतीचा सांगाडा. सगळ्यांनी माझं मत विचारलं, कारण त्या दृश्याचा अधिकारी माणूस मी. मी काहीच लिहिलं नाही. काय लिहिणार? तुम्ही सगळे त्या प्रतीकावर चर्चा करता, मित्रांनो; मला त्यावर पाणी तापवून आंघोळ घातलेली आहे.