यंदाचा अर्ज

नागपूरच्या कचेरीबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो, तेव्हा लष्करातले एक हवालदार दरवर्षी छावणीतून सायकलनं माझ्याकडे यायचे. लष्करी इस्पितळात ते जखमा धुण्याचं, सुया देण्याचं काम करायचे. बसण्याआधी माझ्या टेबलावरचं मेणकापड ते वॉर्डातल्या चादरीसारखं ताणायचे आणि चारही कोपरे आत दुमडायचे. मग तब्येत विचारता विचारता माझं मनगट धरून नाडी मोजायचे.

त्यांना नर्सिंग ऑफिसर व्हायचं होतं. त्या जागा फक्त बायकांसाठी आहेत, असं उत्तर दरवर्षी यायचं. छापील अर्जात नावाआधी 'कुमारी' आणि 'श्रीमती' एवढंच असे. ते दोन्ही खोडून मी 'हवालदार' टाइप करायचो.

"नव्या लेफ्टनंट नर्सबाईले शीर नाही सापडली, की मलेच बोलावते," ते म्हणायचे. "मंग त्या जागेवर मी काहून नाही?"

त्या वर्षी जन्मतारीख टाइप करताना माझी बोटं थांबली. आता वयाची मर्यादाही उलटून गेली होती.

"हवालदारसाहेब, राहू द्या आता," मी म्हटलं. "वाचणारे हसतील."

त्यांनी मेणकापडाचा सुटलेला कोपरा पुन्हा आत खोचला.

"तारीख बरोबर टाक गा. इतके वर्स नाही म्हणासाठी एकच कारण लिहून राहिले होते. यंदा त्याईले दोन लिहा लागन."