हौदातलं अंदमान

आमच्याकडे थंडीत बुडवायचे ते द्राक्षाचे घड, माणसं नव्हे.

नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची बाग आहे; मणी फुगावेत म्हणून इथे एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवून काढावा लागतो. ऑक्टोबरात छाटणी झाली की माल निघेपर्यंत आम्ही बागेचे आणि बाग आमची. या दिवसांत साखरपुडे पुढे ढकलले जातात, पाहुण्यांना रस्त्यावरूनच हात केला जातो, आणि कुणी आजारी पडलाच तर डॉक्टरला सांगतो, "एवढी फवारणी उरकतो, मग अ‍ॅडमिट होतो." (माझ्या चुलत्यांनी खरंच सांगितलं होतं!) त्यामुळे डिसेंबरात सहलीला निघालेला बागायतदार दिसला, तर त्याने एक तर बाग विकलेली असते, नाहीतर त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. तिसरी शक्यता आमच्या गावाला माहीत नव्हती.

तिसरी शक्यता म्हणजे माझी बायको, शैला.

आमची मुलगी मुक्ता नोकरीसाठी इंदिरानगरला राहते. एका रविवारी ती घरी आली आणि तिने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात काळा रबरी पोशाख घातलेला एक माणूस पाठीला सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी तरंगत होता आणि त्याच्याभोवती पिवळेनिळे मासे फिरत होते.

"पप्पा, याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. अंदमानला जाऊ या. पोहता यायलाच पाहिजे असं नाही, शिकवणारा हाताला धरून नेतो."

"मे महिन्यात बघू," मी म्हणालो. (हे माझं ठरलेलं उत्तर आहे. प्रश्न कोणताही असो.)

"मे संपता संपता तिकडे पाऊस येतो, पाणी गढूळ होतं. थंडीतच नितळ असतं."

शैला भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "मला जायचंय."

मला संशय आला. जी बाई त्र्यंबकला कुशावर्तात उतरायचं म्हटलं की पहिल्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करते, ती समुद्राच्या तळाशी जाणार? "तुला? कशाला?"

"लग्न झाल्यापासून दर थंडीत तुमचे घड बुडवतेय. एकदा मला बुडायचंय."

हसतच म्हणाली, पण भाकरीवरचा हात थांबला होता. मला फार वाईट वाटलं. मी लगेच हो म्हणून टाकलं. आता संशय यायची पाळी तिची होती.

"तुम्ही ऐन वेळी मागे फिरणार. महाबळेश्वरच्या वेळी तर स्टँडवरून परत आलात!"

"या वेळी नाही. आभाळ कोसळलं तरी येणार!"

"कोसळायला कशाला पाहिजे? नुसतं भरून आलं तरी तुम्ही बागेत पळाल. आणि ऐका, तुम्ही आलात तर तुमच्यासह, नाहीतर तुमच्याशिवाय. मी जाणार."

आता बाग कुणावर सोडायची? आमच्या बांधाला बांध लागून दगूनानांची बाग आहे. सत्तरी ओलांडलेला जाणता माणूस. थंडी वाढली तर बागेत शेकोट्या कधी पेटवायच्या, ढग आले तर काय फवारायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. अडचण एकच होती. नानांचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि माझा नानांवर.

यात भांडण काही नाही, ही आमच्याकडची रीतच आहे. शेजाऱ्याला घरातलं दुखणं सांगावं, भावकीतलं भांडण सांगावं, पण द्राक्षावर काय फवारलं ते सांगू नये. बाटली रिकामी झाली की आधी लेबल फाडायचं, मगच ती टाकायची. नानांनी तर एकदा मला चकवायला भलत्याच औषधाच्या रिकाम्या बाटल्या मुद्दाम बांधावर मांडून ठेवल्या होत्या. (मी नाव पाठ केलं, औषध आणलं, मारलं. पानं करपली. नाना येऊन हळहळून गेले!)

"नाना, डिसेंबरात थोडे दिवस बागेकडे बघाल का? आम्ही अंदमानला चाललोय."

नानांनी तंबाखू मळायची थांबवली. "थंडीत? बाग सोडून? काय करायला?"

"मासे बघायला."

"खायाला?"

"नाही, नुसते बघायला. पाण्याखाली जाऊन."

नानांनी माझ्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं, मग माझ्या बागेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "बाळ्या, तू माळकरी माणूस. आयुष्यात बोंबलाचा वास घेतला नाय. आन् मासे बघायला समुद्राच्या बुडाशी जाणार? मी काय येडा हाय का?"

"खरंच सांगतोय, नाना!"

"तू खरंच सांगतो म्हनला का मला भ्या वाटतं," नाना म्हणाले आणि तंबाखू तोंडात टाकून निघून गेले.

इकडे माझी वेगळीच पंचाईत. मुक्ता म्हणाली, "पाण्याखाली नाकाने नाही, तोंडाने श्वास घ्यायचा असतो. आतापासून सवय करा, नाहीतर तिथे घाबराल." आमच्या शेडपाशी फवारणीचं पाणी साठवायचा सिमेंटचा हौद आहे, छातीइतका खोल. सकाळी मजूर यायच्या आधी मी त्यात उतरायला लागलो. फवारणीचा गॉगल डोळ्यांवर, कपडे वाळत घालायचा चिमटा नाकाला, आणि सिलिंडरची सवय व्हावी म्हणून पाठीवर रिकामा फवारणीचा पंप! (रिकामा पंप पाण्यात बुडत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी खाली बसायला जायचो आणि पंप मला शेंडीला धरल्यासारखा वर ओढायचा.)

शैला काठावर बसून मुक्ताने शिकवलेल्या खुणा करायची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल केला की 'सगळं ठीक आहे'. मी डोकं वर काढायचो, ती गोल दाखवायची, मी गोल दाखवायचो, की पुन्हा बुडी. चार दिवसांत आम्हाला त्यात मजा यायला लागली. शैला तर इतकी हसायची, की मला थंडी वाजत असूनही बाहेर यावंसं वाटेना.

आणि बांधावरच्या शेवग्याआडून दगूनाना हे सगळं बघत होते!

नानांच्या जागी मी असतो तरी मला तेच वाटलं असतं. कोंबडं आरवायच्या वेळेला शेजारी फवारणीच्या हौदात उतरतो. गॉगल आहे, पंप आहे. हात घालून कालवायचं औषध हा अख्ख्या अंगाने कालवतोय! वर बायको काठावरून बोटांचा गोल करून दाखवतेय. आता द्राक्षवाल्याला बोटांचा असा गोल दाखवलात, तर त्याला एकच गोष्ट दिसते: मण्याचा आकार! (अठरा मिलिमीटर भरला तरी आमची छाती फुगते.)

दोन दिवसांनी मी मिसळीच्या हॉटेलात शिरलो तर सगळे गप्प. औषधांच्या दुकानात गेलो तर दुकानदार हळूच म्हणाला, "शेठ, आमच्याकडून न्यायचं बंद केलं का? परदेशी चालू आहे म्हणे." आणि तिसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: नाना माझ्या हौदातून कॅन भरून नेतायत! त्या पाण्यात माझ्या अंगाच्या साबणाशिवाय काही नव्हतं. पण नानांनी ते आपल्या बागेच्या कोपऱ्यातल्या ओळींवर मारलं आणि आठ दिवसांनी त्यांना तिथले मणी फुगलेले दिसायला लागले.

(खोटं कशाला बोलू? मलाही दिसले. मी लपून पाहून आलो.)

शेवटी नाना घरीच आले. "बाग बघतो. पन आधी खरं सांग. काय हाय हौदात?"

मी वैतागून मोबाइल काढला. "हे बघा, नाना. हा समुद्र, हे मासे. हेच बघायला चाललोय!"

नानांनी मासे पाहिलेच नाहीत. त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "ह्ये मागं हालतंय, हिरवं, ते काय हाय?"

"ते? शेवाळ."

बोललो आणि जीभ चावली. समुद्री शेवाळाचा अर्क आम्ही सगळेच विकत आणून द्राक्षावर मारतो. नानांचा चेहरा पाडव्याच्या गुढीसारखा उजळला.

"आसं! म्हंजे दुकानदार सोडून तू मूळ जागेवरच चालला! ताजं काढाया!"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर शैला उभी होती. तिने पिशव्या काढून ठेवल्या होत्या, नवीन पंजाबी ड्रेस शिवून आणला होता. खरं सांगितलं तर नाना बाग बघणार नव्हते. मी मान डोलावली. "कुणाला सांगू नका, नाना."

"नाय सांगत. पन माझा मानूस बरोबर पायजे. तू खाली जाऊन काय काय काढतो, ते बघाया."

नानांचा माणूस म्हणजे सखूकाकू, त्यांची बायको! काकूंना समुद्राची भीती नव्हती, मासळीची नव्हती, विमानाची नव्हती. त्यांनी एकच विचारलं, "ह्यांना तिकडं यायचं नाय ना? मग मी आत्ता येते."

निघायच्या सकाळी मुक्ता गाडी घेऊन आली. शैला पुढे बसली, काकू मागे, आणि मी काकूंच्या शेजारी. आभाळ भरून आलं होतं. शैला माझ्याकडे आरशातून बघत होती. मी आभाळाकडे बघितलंच नाही. शपथेवर सांगतो, मी आभाळाला घाबरलो नाही.

पण फाटकाशी नाना उभे होते, माझ्या शेडच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवत. गुणगुणत! आणि मला एकदम आठवलं: परवा आणलेल्या औषधाच्या बाटलीचं लेबल फाडायचं राहिलंय!

"मुक्ता, मिनिटभर थांबव गं."

गाडी थांबली. शैला मागे वळली. मला वाटलं, आता भडकणार. ती भडकली नाही, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाली, "मिनिटभर नको. उतरा तुम्ही."

"अगं, नुसतं लेबल—"

"उतरा. विमानात बसूनही तुम्ही बागेतच असणार."

काकूंनी आतून दार लावून घेतलं. (जरा जोरातच!)

मग काय, पुढचे दिवस मी नानांवर लक्ष ठेवलं आणि नानांनी माझ्यावर. ते चहाला आले की मी औषधांच्या कपाटापुढे उभा राहायचो, मी त्यांच्याकडे गेलो की ते पंपावर पोतं टाकायचे. थंडी वाढली तेव्हा मात्र दोन्ही बागांत शेकोट्या आम्ही मिळून पेटवल्या. कारण कुणालाच दुसऱ्याला एकटं सोडायचं नव्हतं.

एका दुपारी बांधावर बसलो असताना शैलाचा फोटो आला. निळंशार पाणी, पाठीला खराखुरा सिलिंडर, बाजूला पिवळे मासे. काचेआड तिचे डोळे असे हसत होते, जसे मी इतक्या हिवाळ्यांत बागेत कधीच पाहिले नव्हते. आणि हात पुढे करून, अंगठा आणि बोट जुळवून, ती मला आमची हौदातली खूण करत होती. मी तिथे तिच्या शेजारी असायला हवा होतो, एका लेबलासाठी बांधावर बसलो होतो.

नानांनी मोबाइल ओढून घेतला. "बघ! मी म्हनत नव्हतो? खाली जाऊनबी सूनबाई मनीच दाखवतीय!"

त्या खुणेचा अर्थ एकदाचा सांगून टाकावा म्हणून मी मोबाइल परत घेतला. फोटो मोठा केला. शैलाच्या बोटांमधल्या गोलाकडे नीट निरखून पाहिलं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "नाना, बावीस मिलिमीटरच्या खाली नाय!"