कोर्टाने नेमलेली नात

आमच्या घरमालकांइतका भाडेकरूला भिणारा घरमालक अख्ख्या दिग्रसमध्ये सापडणार नाही. मी इथल्या शाळेत बदलून आलो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहू लागलो, तेव्हापासून त्यांना एकच धास्ती: मास्तर खोली सोडून गेले तर? आबाजींची उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलेली. त्यामुळे माझा पंखा धड चालत असला तरी आबाजी स्टूल घेऊन येत, स्वतःच्याच घराची कडी परक्यासारखी हळूच वाजवत आणि पंखा उतरवून दुरुस्त करत. दुरुस्तीनंतर तो हमखास कुरकुरायचा, आणि तेवढ्या निमित्ताने ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माणसांपुढे अडखळणारा हा गृहस्थ पंख्याशी मात्र तासभर गप्पा मारी. बायकोला जाऊन कितीतरी वर्षं लोटली तरी सकाळचा चहा दोन कपच व्हायचा आणि दुसरा कप घेऊन ते माझ्या दारात उभे राहायचे. "वाया जाईन, मास्तर." एका दिवाळीला त्यांनी माझी बॅग स्टँडपर्यंत वाहून आणली, ती केवळ मी परत कोणत्या गाडीने येणार हे विचारायला.

एकुलता मुलगा अपघातात गेला होता. नातू नागपूरला, नात पुण्याला, दोघांचे फोन सणावारी. मग आबाजी विसरू लागले. आधी चहात साखर, मग पेटता गॅस, मग घराची गल्ली. यवतमाळच्या डॉक्टरांनी ही आठवण आता परतायची नाही असं सांगितलं, तेव्हा मी दोन्ही नातवंडांना बोलावून घेतलं.

नातू आला तो बक्षीसपत्र टाइप करूनच. वाईट नव्हता पोरगा. आबाजींना चांगल्या ठिकाणी ठेवू, घर आत्ताच नावावर झालं तर पुढे कटकट नको, असा त्याचा सरळ हिशेब. फक्त अंगठा हवा होता. नात म्हणाली, आधी विचारू. आम्ही तिघं बाजारातल्या वकीलबाईंकडे गेलो. घर आबाजींनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, तेव्हा ते हयात असेपर्यंत नातवंडांचा त्यात हिस्सा नाही, वडील वारले असले तरी नाही, असं त्यांनी समजावलं. ज्याला कागद कळत नाही त्याचा अंगठाही टिकत नाही. त्यांचा कारभार बघायचा तर कोर्टाकडून पालक नेमून घ्यायचा, आणि पालकालाही कोर्टाच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही.

"मंग आमचा हक्क काय?" नातवाने विचारलं.

"अर्ज कराचा," वकीलबाई म्हणाल्या. "त्याईले सांभाळाचा. हाच हक्क."

नातू दुपारच्या गाडीने परत गेला. निघताना पाया पडला तेव्हा आबाजी गडबडून उठले आणि म्हणाले, "बसा न साहेब. चहा टाकतो." तो उंबऱ्यात थोडा वेळ थांबला, पण बसला नाही.

अर्ज नातीने केला. कॉम्प्युटरवरचं काम घरून करायची मुभा मिळवून ती समोरच्या खोलीत राहायला आली. कोर्टाच्या सांगण्यावरून एक अधिकारी आबाजींना पाहायला आले. नाव विचारलं, गाव विचारलं, मग नातीकडे बोट करून विचारलं, ह्या कोण?

"नवीन भाडेकरू हाय," आबाजी म्हणाले. "पोरगी चांगली हाय. तिले काढू नका."

नात हसली आणि लगेच आत निघून गेली. अधिकाऱ्यांनी उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

पुढे काही महिन्यांनी ती रीतसर त्यांची पालक झाली. आबाजींच्या लेखी मात्र अजून भाडेकरूच. परवा ओसरीवर मी वह्या तपासत होतो, ती तुरीच्या शेंगा सोलत होती. आबाजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"काहून वं माय, तुले भेटाले तुह्यं कोणीच येत नाही?"

ती मान वर न करता म्हणाली, "एक आजोबा आहेत मला. येतात कधीकधी."

"आता आले का जाऊ नको देऊ," आबाजी म्हणाले. "घर मोठं हाय. राहू दे इथंच."

ती हो म्हणाली. मी वह्या गोळा करून आत गेलो.