डंकासमोरची झोप
शेजारी मिरच्या भाजायला घेतल्या की मला लालबागचा डंक, म्हणजे मसाला कुटायचं ते यंत्र आठवतं, आणि त्याच्यासमोर लागलेली माझी झोप. तेव्हा मी परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. पावसाळ्याआधी तेवढीच एक सुट्टी मिळाली होती, म्हणून रात्रपाळी संपवून भाजलेल्या मिरच्यांचा डबा घेऊन थेट तिथे गेले. लोखंडी मुसळ धाडधाड आपटत होतं, तिखटाने नाक चुरचुरत होतं, तरी स्टुलावर बसल्या बसल्या माझे डोळे मिटले. जाग आली तेव्हा डंक बंद होता. मिरच्या अर्धवट कुटलेल्या, आणि डंकावरची मावशी नाकाला पदर बांधून नुसती बसलेली. "काय हो मावशी, तासभर वाया घालवलात माझा!" मी भडकले. "तू निजलीस गो बाय," ती खोकत म्हणाली. "गिऱ्हाईकाचं लक्ष नसताना आम्ही कुटत नाय. मसाल्यात काय पडतं ते तू बघायला हवं." "मग उठवायचं ना!" "जाम दमलेली दिसलीस." मागे चार बायका डबे घेऊन खोळंबल्या होत्या आणि तिच्यावरच करवादत होत्या. नियम मला कळत होता. त्याच पहाटे इंजेक्शन देण्याआधी नाव विचारायला एका पेशंटला मी गाढ झोपेतून उठवलं होतं आणि त्याची बोलणी खाल्ली होती. आता मी रिटायर झालेय. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला झोपू द्यावं म्हणून कुणी हातातलं काम थांबवलं, ते तेवढंच एकदा, आणि तेव्हाही मी भांडलेच.