सुतळीचा चाकू
पात्याला चोळलेल्या तेलाचा वास आला की वडिलांची कॅनव्हासची गुंडाळी आठवते. पलटणीत असताना ठिकठिकाणी घेतलेले चाकू तिच्यात खोचलेले असत. कांद्याचा वेगळा, फांद्या छाटायचा वेगळा, सुतळीचा वेगळा. हातात चाकू दिला की भांडण होतं, असं ते मानत. कुणी कुणाला दिलाच तर सोप्यात बसल्या बसल्या ओरडत, "खाली ठेव आधी." ते गेले त्या सकाळी उंब्रजच्या घरासमोर तिरडी बांधताना चुलते म्हणाले, "सुतळी कापाय कायतरी दे गं." मी गुंडाळीतला सुतळीचाच चाकू काढून खाली ठेवला. काम झाल्यावर चुलत्यांनी तो सरळ माझ्या हातात दिला. सोप्यातून कुणी ओरडलं नाही. मी पातं पुसलं, तेल लावलं, चाकू जागेवर खोचला. आता आमच्या घरात चाकू हातातच देतात. मीही देते.