भाड्याचं हत्यार न धरणारे व्याही

भाडं या गोष्टीचा आमच्या व्याह्यांइतका तिटकारा असलेला माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच घरी जेवायला बसलेला असेल. वाईत त्यांचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, देवळांच्या पाट्या यांची अक्षरं आणि नक्षी ते कॉम्प्युटरवर काढून देतात. माझी इस्लामपुरात प्रेस आहे. ती मी शून्यातून उभी केली हे लोक सांगतातच, पण मीही सांगतो. माझी लेक त्यांच्या घरात दिली तेव्हा मंडपवाल्यानं जेवणाच्या ताटांचं भाडं सांगितलं. मी ते घासून निम्म्यावर आणत होतो, तोवर हे गृहस्थ उठून बाजारात गेले आणि तीनशे ताटं विकत घेऊन आले. "एकदाच काय ते देऊन टाकायचं, पावणं. मग ताटबी आपलं आन् झोपबी आपली." ती ताटं आजही गल्लीतल्या प्रत्येक कार्याला फुकट जातात आणि परत येताना कधी कमी भरतात, कधी चक्क जास्त. व्याही मोजत नाहीत. विहीणबाई मोजतात. परगावी मुक्कामाची वेळ आली तर लॉजचं भाडं नको म्हणून हे शेवटच्या एसटीनं परत येतात. वाचनालयाची वर्गणी त्यांनी कधी भरली नाही. पुस्तक विकत घेतात, आणि वाचून झालं की त्याच वाचनालयाला देऊन टाकतात.

या माणसाचा मला राग यायला हवा, आणि येतोही. पण तो त्यांच्यावर नव्हे, माझ्यावर. बऱ्याच वर्षांपूर्वी, सोयरीक व्हायच्याही आधी, धंद्याच्या ओळखीनं आम्ही दोघं सांगलीला एका दुकानात डिझाइनचं सॉफ्टवेअर घ्यायला गेलो होतो. तेव्हा ते डब्यात मिळायचं. आत एक तबकडी, म्हणजे सीडी. एकदा पैसे टाकले की कायमचं आपलं. व्याह्यांनी किंमत विचारली, पैसे दिले, डबा काखेत मारला आणि बाहेर जाऊन उसाचा रस पीत उभे राहिले. मी मात्र खुर्ची ओढून बसलो. पहिल्या दिवशी निम्मी किंमत सांगून उठलो, कारण उठलं की दुकानदार हाक मारतो हा माझा आयुष्यभराचा अनुभव. त्यानं मारली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, थोडा चढलो, पुन्हा उठलो. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "साहेब, कंपनीनं डबा बंद केला. आता महिन्याला पैसे भरायचे आन् वापरायचं."

तेव्हापासून मी भरतोय. दर वर्षी रक्कम वाढते. एकदा एक महिना मुद्दाम थांबवून पाहिलं, तर मी स्वतः काढलेल्या पत्रिका कंपनी मलाच उघडू देईना. माझ्या घराला माझ्याच हातानं कुलूप! तेव्हा रागानं लाल होऊन मी त्यांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, किंमत ठरलेली आहे." मी म्हणालो, "ताई, मी इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक हाय, जरा मालकाला द्या फोन." ती म्हणाली, "सर, मालक कोण ते मलाही माहीत नाही." मी फोन ठेवला. ज्या व्यवहारात उठून जायला दुकानच नाही, त्यात माझ्यासारख्यानं करायचं काय?

व्याह्यांचं याच्या नेमकं उलट. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो तसे ते दुकानातल्या पाटावर कात्री, पट्टी आणि ती तबकडी मांडत. तबकडीची चकाकणारी बाजू वर करून तिला हळदीकुंकू, अक्षता, वर नारळाच्या पाण्याचा थेंब. मला एकदा म्हणाले, "पावणं, तुमी नवमीला काय पुजता? पावती?" विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मी प्रसादाचं खोबरं चावत राहिलो.

यंदा आमच्या लेकीला मुलगी झाली. व्याह्यांची पहिली नात, माझीही. बारशाची पत्रिका व्याही स्वतःच्या अक्षरात काढणार हे बाळ जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. ते अक्षर म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं घडवलेलं स्वतःचं वळण. वाईत कुणाच्याही लग्नाची पत्रिका लांबून पाहिली तरी ते ओळखू येतं. आणि नेमका पाचव्या दिवशी त्यांचा कॉम्प्युटर बसला. आतली कामं दुरुस्तीवाल्यानं काढून दिली, पण ती उघडायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर हवं. नव्या कॉम्प्युटरमध्ये व्याह्यांनी तबकडी घातली. तो नुसता कण्हला आणि त्यानं तबकडी बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा टाकली. मी ती हातात घेऊन उजेडाकडं धरली. सगळा मजकूर असतो तो त्या चकाकणाऱ्या बाजूलाच, आणि तिथं एवढ्या वर्षांचं कुंकू, दरवर्षी धोतराच्या सोग्यानं पुसून पुसून, बारीक ओरखडे होऊन बसलेलं.

"आवं, देवाकडं तोंड करून ठेवली की मी तिला," व्याही एवढंच बोलले.

मी म्हणालो, माझ्या प्रेसवर या, माझ्या सॉफ्टवेअरवर काढा, चार दिवसांचा तर प्रश्न. "पैल्या नातीची पत्रिका भाड्याच्या हत्यारानं काढू व्हय?" मी भडकलो. जग कुठं चाललंय, तुम्ही कुठं बसलाय, असं बरंच बोललो. ते ऐकून घेत राहिले. मग विहीणबाई आतून म्हणाल्या, "दोन दिस जेवलं न्हाईत नीट." तेव्हा माझा आवाज उतरला.

त्या दुपारपासून मी ओळखीच्या प्रत्येक प्रेसवाल्याला, स्टुडिओवाल्याला फोन लावले. शेवटी पाटणला एक फोटोग्राफर निघाला. स्टुडिओ बंद करत होता; त्याच्या जुन्या कॉम्प्युटरात तेच सॉफ्टवेअर होतं, सांगलीच्या त्याच दुकानातून डब्यात घेतलेलं आणि अजून चालणारं. आम्ही दोघं गेलो. त्यानं कॉम्प्युटरची किंमत सांगितली. माझं तोंड निम्म्यासाठी उघडलं होतं, पण शेजारी बसलेल्या व्याह्यांकडं नजर गेली आणि मी म्हणालो, "दिले."

फोटोग्राफर दचकला. "एवढ्यात व्हय म्हणला? आवं, मग मीच कमी सांगितलं की!" आणि दोन हजार चढवले.

"अरं ए गड्या," मी उठलोच, "आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली न्हाई, तर तू वर चढतोस?"

व्याह्यांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं, वरचे दोन हजार स्वतःच्या खिशातून काढून टेबलावर ठेवले आणि त्याला विचारलं, "यात तुमची कामं हायत, त्यांचं काय करू?" तो म्हणाला, पुसून टाका. व्याह्यांनी आजतागायत पुसलेली नाहीत. पाटणच्या कुणा अनोळखी नवरानवरींचे फोटो एका कोपऱ्यात तसेच ठेवून ते आपली अक्षरं काढतात.

पत्रिका झाली. त्यातलं 'बारसं' मी किती वेळ पाहत राहिलो; 'ब'चं पोट असं भरलेलं, जणू आत्ताच दूध पिऊन निजलेलं. मी शेजारी बसून म्हणालो, "व्याही, हेबी जुनंच हाय. कवातरी बसंल. मग?"

"बसंल की," ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "आयुष्यभराचं म्हणून घेतलंय, पावणं. आयुष्य माझं धरायचं. कंपनीचं न्हाई."

हल्ली वाईला गेलो की मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर जरा थांबतो. आतून त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर ऐकू येते का ते पाहतो. ऐकू आली, की मग चपला काढतो.